संगणकावरील ध्वनिमुद्रण : भार कां वाढतो व कसा उतरवावा



सातारा-सांगलीकडच्या माणसास गाण्याबजावण्याचा नाद कांहीं आजचा नाहीं. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. तेथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं उत्तर आयुष्यांत मिरजेस घर केलें, आणि १९३७ सालीं ते पैगंबरवासी झाल्यावर त्यांना तेथेंच चिरविश्रांति मिळाली. सातारा जिल्ह्यांतील औंध येथें १९४० सालीं सुरू झालेला संगीतोत्सव जाणकारांच्या परिचयाचा आहे. गांवोगांवच्या भजनी मंडळांची तर गणतीच करावयास नको.

या मुलखांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवी गोष्ट रुजली आहे; ती म्हणजे घरच्या घरीं ध्वनिमुद्रण. पूर्वीं गाणें मुद्रित करावयाचें तर मुंबई-पुणें गांठावें लागे. आतां एक लॅपटॉप, त्यास जोडावयाची ऑडिओ इंटरफेस नांवाची वीतभर पेटी आणि दोन-चार माइक एवढ्या सामग्रीवर देवळाच्या सभामंडपांत किंवा घरच्या माजघरांत काम होतें. परंतु या कामांत पडलेल्या तरुणांकडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मुद्रण चालू असतां आवाजांत मधूनमधून टक् टक् असे खडे येतात. मग आवाज तुटूं लागतो. पडद्यावरील प्रोसेसरच्या भाराचा आंकडा चढत जातो. आणि शेवटीं सारा प्रोग्रॅमच बंद पडतो. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

माझें म्हणणें आधींच थोडक्यांत सांगून ठेवतों. मुद्रणाच्या घटकेस यंत्राकडे दोनच कामें असावींत : ऐकणें आणि लिहून ठेवणें. आवाज नटविण्याचें काम मागाहून, सवडीनें करावें. हीं दोन कामें एकाच वेळीं यंत्राच्या गळ्यांत घातल्यामुळेंच बहुतेक अनर्थ ओढवतात.

प्रथम यंत्र करतें काय, तें पाहूं. ध्वनि म्हणजे हवेंतील कंप. माइक त्या कंपाचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि इंटरफेसची पेटी त्या चढउताराचें मोजमाप घेते. हें मोजमाप एका सेकंदांत ४४,१०० वेळां किंवा ४८,००० वेळां घेतलें जातें. प्रोसेसर हीं मोजमापें एकेक करून हाताळीत नाहीं. तो कांहींशे मोजमापांचा एक घास एकदम घेतो. या घासाच्या आकारास बफर म्हणतात. ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असे त्याचे आकार ठरलेले असतात, व ते आपणांस निवडतां येतात.

ज्यांनीं विहिरीवर मोट चालतांना पाहिली आहे त्यांना बफर समजावून सांगावा लागणार नाहीं. मोट खेपाखेपांनीं वर येते आणि थारोळ्यांत रिकामी होते; थारोळ्यांतून पाटाला पाणी मात्र अखंड जातें. थारोळें प्रशस्त असेल तर एखाद्या खेपेस बैल रेंगाळले तरी पाट वाहता राहतो. थारोळें ओंजळीएवढें असेल तर बैल क्षणभर अडले कीं पाट कोरडा. संगणकांत प्रोसेसर हा बैल, बफर हें थारोळें, आणि आपल्या कानांत येणारा आवाज हा पाट. पाट कोरडा पडल्याचा जो क्षण, तोच आपणांस टक् असा ऐकूं येतो.

मग थारोळें नेहमींच मोठें कां ठेवूं नये? कारण मोठ्या थारोळ्यास भरावयास वेळ लागतो. ४८,००० च्या वेगानें २५६ चा बफर भरण्यास सुमारें सव्वापांच मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवकाशांत ध्वनि हवेंतून पावणेदोन मीटर जातो. १०२४ च्या बफरास एकवीस मिलिसेकंद, म्हणजे सात मीटरांहून अधिक अंतर. आवाजास संगणकांत जाऊन पुन्हां बाहेर यावयाचें असल्यामुळें हा विलंब किमान दुप्पट होतो. म्हणजे २५६ चा बफर ठेवला तर गवयाला स्वतःचा आवाज साडेतीन-चार मीटरांवरून आल्यासारखा वाटेल, तें चालतें. १०२४ ठेवला तर सभामंडपाच्या पलीकडच्या टोंकाहून कोणी आपली नक्कल करीत आहे असें वाटून त्याची लय डळमळेल. म्हणून मुद्रण करणारा तरुण बफर कमी करतो, आणि बफर कमी झाला कीं प्रोसेसरची धांवपळ वाढते. सारी अडचण या ओढाताणींत आहे.

या अडचणीवर एक सोपा उपाय बहुतेक इंटरफेसांवरच असतो, पण पुष्कळांचें त्याकडे लक्ष जात नाहीं. पेटीवर डायरेक्ट मॉनिटर नांवाचें एक बटण असतें. तें चालू केलें म्हणजे माइकचा आवाज संगणकांत न शिरतां पेटींतूनच परस्पर हेडफोनकडे जातो. गवयास विलंब जाणवत नाहीं. आणि विलंब जाणवत नाहीं म्हटल्यावर बफर ५१२ किंवा १०२४ ठेवण्यास कांहींच हरकत उरत नाहीं. प्रोग्रॅममधून येणारा तोच आवाज तेवढा बंद करावा, नाहीं तर एकाचे दोन ऐकूं येतील. विंडोज वापरणारांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. इंटरफेसच्या कारखानदारानें दिलेला ए-एस-आय-ओ जातीचा ड्रायव्हर प्रोग्रॅममध्यें निवडलेला असावा. विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालतो, परंतु त्यानें विलंब वाढतो.

आतां प्रोसेसरवरील ओझ्याकडे वळूं. हें ओझें माइकच्या आवाजाचें फारसें नसतें. आठ माइकांचा आवाज चोवीस बिटांत, ४८,००० च्या वेगानें लिहून ठेवला तर एका सेकंदास साडेअकरा लक्ष बाइट होतात. आजच्या साध्या लॅपटॉपलाहि हें ओझें जड नाहीं. ओझें असतें तें प्लगइनांचें. प्लगइन म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला जोडावयाचा छोटा प्रोग्रॅम. कोणी आवाजाला गाभाऱ्याचा घुमारा देतो, कोणी सूर सरळ करतो, कोणी तंबोऱ्याचा किंवा तबल्याचा आवाज स्वतःच निर्माण करतो. यांतील घुमारा देणारे व वाद्यें वाजविणारे प्लगइन विशेष खादाड. वेग ४८,००० वरून ९६,००० वर नेला तर प्रत्येक प्लगइनचें काम जवळजवळ दुप्पट होतें. भजन-कीर्तनाच्या मुद्रणास ४८,००० चा वेग भरपूर झाला.

येथें एक उदाहरण सांगतों. तासगांव तालुक्यांतील एका खेड्यांत माझा एक जुना विद्यार्थी तेथील भजनी मंडळाचें मुद्रण करीत होता. मंडळांतील वीणेकरी बुवा ऐंशीच्या घरांतले. त्यांना कांहीं अभंगांच्या अशा चाली येत होत्या कीं ज्या पंचक्रोशींत दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हत्या. तिसरा अभंग रंगांत आला, टाळ चढले, आणि यंत्र बंद पडलें. तें पुन्हां चालू होईपर्यंत पंधरा मिनिटें गेलीं. बुवा पुन्हां गाऊन गेले खरे, पण त्यांनींच सांगितलें, "बाबा, मघांचा रंग आतां आणूं म्हटल्यानें येत नाहीं."

पुढच्या रविवारीं तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, नवें यंत्र घ्यावें लागणार, साठ-सत्तर हजारांखालीं कांहीं मिळत नाहीं," असें म्हणूं लागला. यंत्राचें ज्ञान त्याला माझ्याहून अधिक. मीं एवढेंच सुचविलें कीं, त्या दिवशीं यंत्र काय काय करीत होतें, तें सारें आधीं कागदावर लिहून काढ. तेव्हां यादी निघाली ती अशी : आठ माइकांचे आठ ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकवर घुमाऱ्याचा एक व आवाज आवरण्याचा एक, असे सोळा प्लगइन. शिवाय संगणकांतच वाजणारा तंबोरा. बफर ६४ चा. वायफाय चालू. ब्राउझर उघडा. लॅपटॉप चार्जरवांचून, बॅटरीवर. आणि ठेवलेला कशावर, तर दुहेरी घडी घातलेल्या घोंगडीवर, चैत्र महिन्यांत! यादी वाचून तो स्वतःच हंसला. नव्या यंत्राची गोष्ट तेथेंच थांबली.

मग आम्हीं एकेक ओझें उतरविलें. घुमाऱ्याचे आठ प्लगइन काढून एकच ठेवला, आणि आठहि ट्रॅकांचा थोडाथोडा आवाज त्या एकाकडे पाठविला. देऊळ एकच असतें. आठ गायकांना आठ गाभारे लागत नाहींत. मुद्रणाच्या वेळीं तर तोहि बंद. संगणकांतल्या तंबोऱ्याचें आम्हीं काय केलें, तें ऐकण्यासारखें आहे. तो प्रत्येक क्षणीं नव्यानें वाजविण्याऐवजीं बुवांच्या पट्टींत एकदांच वीस मिनिटें वाजवून त्याची फाइल करून ठेवली. फाइल वाचणें ही यंत्राला अगदीं हलकी गोष्ट. वाद्य निर्माण करणें जड. मिरजेचा खरा तंबोरा मंडळांत असता तर हाहि खटाटोप करावा लागला नसता, हें ओघानें आलेंच.

या युक्तीला इंग्रजींत फ्रीझ म्हणतात. गोठविणें म्हणा हवें तर. बहुतेक प्रोग्रॅमांत ती एका बटणावर मिळते. जो ट्रॅक मनासारखा झाला तो गोठवावा, म्हणजे त्यावरील प्लगइनांचें काम कायमचें मिटतें. पुढें बदल करावासा वाटला तर तो पुन्हां मोकळा करतां येतो. ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. बीटल्स या इंग्रज वादकांनीं १९६७ सालची आपली सार्जंट पेपर ही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका केली ती चार ट्रॅकांच्या टेप-यंत्रांवर. चार ट्रॅक भरले कीं ते एकत्र मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवावयाचे आणि उरलेल्या ट्रॅकांवर पुढचीं वाद्यें घ्यावयाचीं. आपल्या साध्यांतल्या साध्या लॅपटॉपाला चाराहून किती तरी अधिक ट्रॅक पेलतात!

पुष्कळांना एक कोडें पडतें. संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसरचा भार तीस टक्केच दिसतो, आणि तरी आवाज तुटतो; हें कसें? याचें उत्तर शाळेंतील व्यवहारांत सांपडेल. आठ परीक्षक बसले आहेत. उत्तरपत्रिका पुष्कळ असतील तर काम आठांत वांटलें जातें. परंतु एकच उत्तरपत्रिका अशी असेल कीं तिच्यांतील दुसऱ्या उत्तराची तपासणी पहिल्या उत्तरावर व तिसऱ्याची दुसऱ्यावर अवलंबून आहे, तर ती एकाच परीक्षकानें ओळीनें तपासली पाहिजे. बाकीचे सात रिकामे बसून राहतील. सरासरी काढली तर काम थोडें दिसेल, पण तो एक परीक्षक मात्र घामाघूम झालेला असेल. प्रोसेसरमध्यें असे चार-आठ कोअर असतात, आणि एका ट्रॅकवर ओळीनें लावलेले प्लगइन बहुधा एकाच कोअरला एकामागून एक करावे लागतात. म्हणून एकाच ट्रॅकवर दहा प्लगइनांची माळ लावूं नये, आणि भार पाहावयाचा तो मुद्रणाच्या प्रोग्रॅममधील आंकड्यावरून पाहावा.

प्रोसेसरला आडवे येणारे बाहेरचेहि कांहीं आहेत. वायफायचा ड्रायव्हर मधेंच प्रोसेसरचें लक्ष वेधून घेतो. मुद्रणापुरता तो बंद ठेवावा. त्याच वेळीं सिस्टीमची अद्ययावत करण्याची क्रिया सुरू होणार नाहीं याची आदल्या दिवशींच तजवीज करावी. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप वीज वांचविण्यासाठीं स्वतःची गति उतरवितो. म्हणून चार्जर लावावा आणि वीजबचतीची योजना बंद करावी. चार्जर लावल्यावर आवाजांत घरघर आली तर तो बहुधा अर्थिंगचा दोष असतो; सारीं यंत्रें अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावींत. उष्णता हें तर आपल्याकडचें मोठेंच कारण. प्रोसेसर तापला कीं जळूं नये म्हणून आपोआप मंद होतो. खालच्या झरोक्यांतून लॅपटॉप हवा ओढतो, आणि आपण तो गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून ते झरोकेच बुजवितों! दोन पाटांवर कडा टेकवून लॅपटॉप ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

आतां प्रोग्रॅम अजिबात बंद पडण्याविषयीं. भार हें त्याचें एक कारण. पण सदोष प्लगइन हें दुसरें व फार वेळां आढळणारें कारण आहे. कोठून तरी फुकट उतरविलेला एखादा प्लगइन कोसळला कीं आपल्याबरोबर साऱ्या प्रोग्रॅमलाहि घेऊन जातो. तो शोधण्याची रीत एकच. सारे प्लगइन काढावेत, प्रोग्रॅम स्थिर चालतो कीं नाहीं तें पाहावें, आणि मग एकेक परत घालावा. एका वेळीं एकच बदल. दोन बदल एकदम केले तर कोणत्यानें गुण आला तें कळत नाहीं. रीपरसारख्या कांहीं प्रोग्रॅमांत संशयित प्लगइन वेगळ्या कप्प्यांत चालविण्याची सोय आहे. तो पडला तरी मुख्य काम वांचतें.

आणि इतकें करूनहि यंत्र पडलेंच तर? तर घाबरून त्यावर लगेच नवें मुद्रण सुरू करूं नये. बहुतेक प्रोग्रॅम आवाज जसा येतो तसा डिस्कवर लिहीत जातात. ऑडॅसिटी हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम पुन्हां उघडतांच अर्धवट राहिलेलें काम परत मिळवून देऊं करतो. इतरांच्या बाबतींत प्रकल्पाच्या फोल्डरमध्यें जाऊन पाहावें. पडण्याच्या क्षणापर्यंतची फाइल तेथें असण्याचा बराच संभव असतो. आमच्या बुवांचा तो अर्धा अभंग असाच मिळाला. फाइलच्या आरंभीं जी लांबीची नोंद असते तेवढी लिहावयाची राहिली होती. ती दुरुस्त होतांच आवाज जशाचा तसा निघाला.

रात्रभर चालणाऱ्या जागराचें मुद्रण करणारांस एक सूचना आहे. जुन्या पद्धतीच्या डब्ल्यू-ए-व्ही फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा असते. चोवीस बिट व ४८,००० च्या वेगानें दोन बाजूंचा स्टीरिओ आवाज घेतला तर सुमारें चार तासांत ती मर्यादा भरते. तेव्हां दर तास-दीड तासानें, अभंग संपतांच, थांबवून नवी फाइल सुरू करावी. डिस्कवर पुरेशी जागा आहे कीं नाहीं तें आधींच पाहावें. आठ ट्रॅकांना तासाला चार गिगाबाइटांहून थोडें अधिकच लागतें.

कोणी म्हणेल, एवढ्या उपद्व्यापापेक्षां नवें शक्तिमान यंत्र घ्यावें हें बरें. ज्याला परवडतें त्यानें जरूर घ्यावें. मोठ्या वाद्यवृंदाचें काम करणारास तें लागतेंहि. परंतु माझा अनुभव असा कीं, बैल बदलले तरी गाडींत धोंडे भरण्याची संवय सुटली नाहीं, तर नवे बैलहि चढावर बसतात. ज्यानें आठ गाभाऱ्यांची संवय लावून घेतली तो नव्या यंत्रावर सोळा करील.

मुख्य गोष्ट निराळीच आहे. खांसाहेब अब्दुल करीम खां यांचा आवाज आज आपण ऐकतों तो ज्या तबकड्यांवरून, त्यांच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. त्या काळच्या मुद्रकाजवळ नटविण्याचीं साधनें जवळजवळ नव्हतींच. जें कंठांतून आलें तें नीट उमटवून घेणें एवढेंच त्याचें काम, आणि तें त्यानें केलें म्हणून तो आवाज उरला. आपल्या हातीं शेंकडो साधनें आहेत, आणि त्यांच्या गर्दींत मूळ काम मागें पडण्याचा धोका आहे. घुमारा आज देतां येईल, उद्यां देतां येईल, दहा वर्षांनींहि देतां येईल. ऐंशी वर्षांच्या बुवांची चाल, जात्यावर बसलेल्या आजीबाईंची ओवी, हीं मात्र उद्यांवर टाकतां येत नाहींत. जें थांबूं शकतें त्यानें, जें थांबूं शकत नाहीं त्याला, वाट करून द्यावी.

त्या मंडळाचें मुद्रण पुढच्या एकादशीस पुन्हां झालें. लॅपटॉप पाटांवर, बफर ५१२ चा, डायरेक्ट मॉनिटर चालू, प्लगइन एकहि नाहीं. शिवाय सावधगिरी म्हणून बुवांच्या जवळ एक छोटा स्वतंत्र रेकॉर्डर चालू करून ठेवला होता. त्याची गरज पडली नाहीं. पण महत्त्वाच्या मुद्रणास अशी दुसरी प्रत चालू ठेवावी, असेंच मी सर्वांना सांगेन. प्रोसेसरचा आंकडा सबंध रात्रीं दहाच्या वर गेला नाहीं, आणि बुवांच्या अकरा चाली उतरून घेतल्या गेल्या.

आपल्या गांवांत अशा चाली ज्यांच्या कंठांत आहेत त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जाण्यापूर्वीं, त्यावरचें ओझें आदल्या रात्रींच उतरवून ठेवा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.